अडीचशे ग्रॅम

रविवारी सकाळी ठमी सायकल ढकलत घरी आली तेव्हा मिस्त्री गॅलरीत उभे राहून दाढी करत होते. वरून त्यांना आधी तिचं हेल्मेट दिसलं, मग सोलवटलेलं कोपर. एका गालाला साबण तसाच ठेवून ते तीन मजले उतरून खाली आले.

"पडलीस?"

"पडले नाही, हिनं पाडलं," ठमी सायकलीकडे बघत म्हणाली. "चढावर जोर लावला की साखळी घसरते. खटकन. आज तिसऱ्यांदा. स्पर्धा दोन महिन्यांवर आलीय बाबा, आणि हिला आत्ताच नखरे सुचताहेत."

मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. बावीस वर्षं एकाच कंपनीत होते आणि शहरातल्या साठेक इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे होत्या. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत वाकून शिरायचं, पोलादी दोराची जाडी मोजायची, चाकाच्या खाचा बोटानं चाचपायच्या, आणि जरा शंका आली की बदलून टाकायचं, हा त्यांचा खाक्या. "चालतंय की अजून," असं एखादा इमारतवाला म्हणाला तर ते काही न बोलता हत्यारांची पिशवी आवरायला घेत. मग समोरचा आपोआप वरमे. शेजारीपाजारी त्यांना मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे मिस्त्री" म्हणे.

ठमी ही त्यांची एकुलती एक. सतराची होती. लहानपणी अशी गुटगुटीत, की गालाला बोट लावलं तर खळगा पडायचा, म्हणून ठमी. गेली तीन वर्षं ती डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकलच्या शर्यती करत होती. मागच्या वर्षी चौथी आली होती आणि तिसरीच्या मागे फक्त अकरा सेकंद होती. ते अकरा सेकंद घरात पाहुण्यासारखे येऊन बसले होते आणि जायचं नाव घेत नव्हते.

मिस्त्रींनी सायकल गॅलरीतल्या हुकाला टांगली आणि मागचं चाक फिरवलं. मागच्या चाकाला लहानापासून मोठ्यापर्यंत दातेरी चकत्यांचा जो गठ्ठा असतो त्याला कॅसेट म्हणतात. ठमीच्या कॅसेटला बारा चकत्या होत्या. त्यातल्या मधल्या चारींचे दाते मांजरीच्या नखांसारखे एका बाजूला वाकले होते.

"कॅसेट गेली," ते म्हणाले.

"कॅसेट?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "घरात टेप कुठाय आपल्या?"

ठमी खळखळून हसली. मिस्त्री वळून बघत राहिले. हसताना तिच्या गळ्याच्या दोन्ही शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या.

"बदलायचीच आहे तर हलकी घेऊ ना बाबा," ती म्हणाली आणि आतून वही घेऊन आली. वहीत सायकलीच्या प्रत्येक भागाचं वजन लिहिलेलं होतं. सीट, हँडल, पेडल, टायर, एवढंच काय, बाटली अडकवायच्या स्टँडचंही. कॅसेटपुढे सहाशे बारा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, "मी". तिच्यापुढे तारखा आणि आकडे. मिस्त्रींचे डोळे आकडे वाचायला सरावलेले. चार महिन्यांत साडेसहा किलो कमी.

"हे काय?"

"तेही वजनच आहे," ठमी सहज म्हणाली आणि वही मिटली.

मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. घरात सगळ्यांना दिसतच होतं. ती सकाळी म्हणायची, "सरावानंतर खाईन," आणि सरावाहून आल्यावर म्हणायची, "तिथेच खाल्लं." भात ताटाच्या कडेला सारून सारून ताट भरल्यासारखं आणि जेवल्यासारखं दोन्ही दाखवण्यात ती पटाईत झाली होती. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. आई रागावून झाली, रडून झाली, आवडीचं करून करून दमली. मिस्त्रींनी एकदा थट्टा केली, "अगं, वाऱ्यानं उडशील," तर तिनं आनंदानं विचारलं, "खरंच?" त्यानंतर त्यांनी थट्टा सोडली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती शहाण्यासारखी सगळं कबूल करून आली आणि घरी येऊन तेच सुरू ठेवलं. सरावाच्या सरांना ते जाऊन भेटले, तर सरांनी काखा वर केल्या. "चढावर एकेक ग्रॅम महत्त्वाचा असतो एवढंच मी म्हणालो. तेही सायकलीबद्दल."

त्या संध्याकाळी बायको गॅलरीत आली, दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाली, "अहो, चार महिने झाले, तिची पाळी आली नाहीये."

मिस्त्रींच्या हातात पाना होता. तो हुकाला अडकवावा की पिशवीत टाकावा हेसुद्धा त्यांना सुचेना.

"तुम्ही बोला ना तिच्याशी. माझं ऐकत नाही ती. सायकलीबद्दल काही बोललात तर तुमचं ऐकते."

सायकलीबद्दल. ते शब्द डोक्यात घेऊनच मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलच्या दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं होतं. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, एप्रनला कायम काळे डाग. एके काळी त्या स्वतः शर्यती करत. आता एका गुडघ्यात धातूची पट्टी होती आणि जिभेला हाड नव्हतं. मिस्त्रींनी जुनी कॅसेट सोबत आणली होती. बाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "साखळी वेळेवर बदलली नाहीत. ताणलेली साखळी दाते खाते. आता दोन्ही घ्या, नाहीतर नवी कॅसेटही अशीच जाईल."

मग त्यांनी काउंटरवर तीन खोकी मांडली आणि काटा पुढे ओढला.

"ही पहिली, सगळी पोलादी. सहाशे पंधरा ग्रॅम. सगळ्यात स्वस्त. साखळी वेळेवर बदलली तर ही चार-पाच वर्षं हलत नाही. ही दुसरी, मोठ्या दोन चकत्या अॅल्युमिनियमच्या, बाकी पोलाद. चारशे सत्तर. किंमत पहिलीच्या अडीचपट. चढावर मोठीच चकती वापरतात, आणि मऊ तीच, म्हणजे झिजणार तीच. आणि ही तिसरी." त्यांनी तिसरी काट्यावर अलगद ठेवली. "तीनशे पासष्ट. काही चकत्या टायटॅनियमच्या. दिसायला दागिना. किंमत पहिलीच्या सातपट, आणि एका हंगामानंतर पुन्हा माझ्याकडे याल. शिवाय ही तुमच्या चाकावर बसणार नाही. कॅसेट ज्यावर चढते तो हबचा, चाकाच्या मधल्या भागाचा, तुकडाही बदलावा लागेल."

मिस्त्रींनी तिसरी हातात घेतली. आतून पोखरून काढलेली, जाळीदार. लिफ्टमध्ये असलं काही त्यांनी आयुष्यात बसवलं नसतं.

"हिच्यानं फरक किती पडतो?"

"चालवणारी किती वजनाची आहे?"

मिस्त्रींनी आकडा सांगितला. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग कागदावर आकडेमोड केली. "वीस मिनिटांच्या चढावर पाच सेकंद. तेही कागदावर. एक पेलाभर पाणी कमी प्यायली तरी तेवढंच." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोलादी न्या. मी माझं नुकसान करून सांगतेय. आणि पोरीला जेवू घाला."

"तेच जमत नाही हो," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणाजवळच उच्चारलं नव्हतं, आणि ते एका अनोळखी दुकानात, काट्यासमोर उभं राहून तोंडातून निघून गेलं.

मिस्त्री एकदा पहिल्या खोक्याकडे आणि एकदा तिसऱ्याकडे बघत उभे राहिले. सहाशे पंधरा वजा तीनशे पासष्ट. अडीचशे. सायकलीचं अडीचशे ग्रॅम कमी झालं, तर मुलीच्या अंगावर अडीचशे ग्रॅम चढायला वाव मिळतो. एकूण तेवढंच राहतं. मग ती का नाही म्हणेल? आकड्यांचीच भाषा तिला कळत असेल तर आकड्यांतच बोलावं.

ते शहाणपणाचं नव्हतं हे त्यांना दुकानातच कळत होतं. पण बुडता माणूस काडीची जाडी बघत नाही. त्यांनी पुढच्या महिन्याच्या सुट्टीचे बेत मनातल्या मनात खोडले आणि तिसरं खोकं उचललं, सोबत नवी साखळी आणि हबचा तुकडा.

ठमीनं खोकं उघडलं आणि ती त्यांच्या गळ्यात पडली. स्वेटरमधूनही तिच्या पाठीचे मणके त्यांच्या हाताला लागले.

"एक अट आहे," मिस्त्री म्हणाले. "ही अडीचशेनं हलकी आहे. ते अडीचशे तू घ्यायचे. अंगावर. माझ्यासमोर बसून खायचं, रोज."

"डन," ठमी म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

दोघांनी मिळून ती बसवली. मिस्त्रींनी जुना हबचा तुकडा सोडवला, ठमीनं नवा पुसून त्याला बोटानं ग्रीस लावलं. चकत्या एकेक करून खाचेत सरकवताना ती जीभ दातांत धरून बसली होती, अगदी पहिलीत अक्षरं गिरवताना धरायची तशी. नवी साखळी चढवल्यावर चाक फिरवलं तर आवाज असा बारीक आणि गोड, की आतून आईसुद्धा बघायला आली. मग ठमीनं त्यांच्यासमोर बसून दोन अंडी आणि एक केळं खाल्लं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

आठ दिवस हे चाललं. आईनं तर शेजारणीला सांगूनही टाकलं की आमच्या मिस्त्रींनी युक्ती काढली.

नवव्या दिवशी संध्याकाळी ते कामावरून आले तेव्हा ठमी बाथरूममधला काटा हॉलमध्ये आणून, सायकल खांद्यावर घेऊन त्यावर उभी होती. "बाबा, बघा!" तिचे डोळे चमकत होते. "दोघींचं मिळून पहिल्यांदाच अठ्ठावन्नच्या आत!"

मिस्त्रींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी मनात सायकल वजा केली.

"पण आपलं ठरलं होतं."

"हो ना. आठ दिवस खाल्लं की मी. त्यानं वाढलं होतं, ते परत काढलं." तिनं सायकल भिंतीला टेकवली. "रागावू नका ना. अडीचशे तुम्ही केलेत, सहाशे मी केले. अजून थोडंच राहिलंय."

बाबा आपल्या बाजूनं खेळले, असं तिला वाटत होतं. मिस्त्रींना ओरडायचं होतं. पण ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

पुढच्याच पंधरवड्यात ठमीच्या डाव्या नडगीत कळ येऊ लागली. आधी फक्त सायकलवर, मग जिन्यात, मग उभं राहिलं तरी. तिनं ते लपवलं. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरताना ती मधल्याच पायरीवर कठड्याला धरून थांबली आणि तिला ना खाली जाता येईना, ना वर. मिस्त्री त्याच जिन्यानं कामाला निघाले होते. त्यांनी तिला उचललं. उचलताना फार सोपं गेलं, आणि ते सोपं जाणंच त्यांना सहन होईना.

रुग्णालयातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पडद्यावर हाडाचं चित्र लावलं आणि पेनाच्या टोकानं एक केसाएवढी रेघ दाखवली.

"पडली होती?"

"नाही."

"मग हा तडा झिजेचा आहे. शरीराला बाहेरून मिळालं नाही की ते हाडातून काढून घेतं. हिची हाडं सतराची राहिलेली नाहीत." त्या ठमीकडे वळल्या. "पाय भरून येईल. पण मला पायाची काळजी नाहीये. तुझ्या हृदयाचे ठोके मिनिटाला अडतीस पडताहेत. तुला इथेच राहावं लागेल."

"खेळाडूंचे कमीच असतात ठोके," ठमी म्हणाली.

"माहितेय मला. हे ते नाही."

लिफ्टचा दोर जुना झाला की आतली एकेक तार तुटत जाते, आणि ती तुटल्याचं दिसतं, मोजता येतं. इतक्या तारा तुटल्या की दोर बदलायचा, असा नियमच आहे. मिस्त्रींनी बावीस वर्षं तो नियम एकदाही मोडला नव्हता. पडद्यावरच्या रेघेकडे बघत त्यांनी विचारलं, "आम्ही कधी आणायला हवं होतं हिला?" डॉक्टर पुढचा कागद भरत होत्या.

न जेवण्याच्या आजाराच्या त्या विभागात कडक नियम होते. जेवायला पाऊण तास. नर्स समोर बसणार. ताटातलं संपेपर्यंत उठायचं नाही. जेवणानंतर तासभर बाथरूम बंद. आईबापांनी जेवणाच्या वेळी बाहेर थांबायचं. पहिल्या आठवड्यात मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसत आणि आतून ठमीच्या रडण्याचा आवाज येई, चमचा आपटल्याचा येई, एकदा "मला मारून टाका त्यापेक्षा" असंही ऐकू आलं. बायको त्यांचा हात घट्ट धरून बसायची. समोरच रुग्णालयाची लिफ्ट होती. तिचं दार बंद होताना घासत होतं आणि मिस्त्रींना ते पाच मिनिटांत नीट करता आलं असतं, पण ती दुसऱ्या कंपनीची होती.

ठमी त्यांच्याशी बोलेना. आईशी बोले तेही तुटक. मिस्त्री रोज येऊन पलंगाशेजारी बसत, वेळ संपली की उठत.

तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा सायकलच्या दुकानात गेले. जाळीदार कॅसेट त्यांनी उतरवून, पुसून, मूळ खोक्यात घालून आणली होती.

"वापरलेली परत नाही घेता येत," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा बघून, "काय झालं?"

मिस्त्रींनी सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या. आपला दुखरा गुडघा चोळत म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्ही सहा जणी होतो. एकीला काय झालं ते सांगणार नाही तुम्हाला. तुमची आत आहे ना, बघायला माणसं आहेत ना? मग ठीक."

मिस्त्रींनी पोलादी कॅसेट मागितली. जुना हबचा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता.

"कशाला पण आत्ता? ती वर्षभर तरी सायकलवर बसणार नाही."

"माहीत आहे. पण ते चाक तसं उघडं बघवत नाही."

बाईंनी हलकी कॅसेट ओळखीच्या कुणाला तरी विकून देईन म्हणून ठेवून घेतली. घरी येऊन मिस्त्रींनी एकट्यानं पोलादी बसवली, तिच्यावरची रिंग आवळली, साखळी चढवली. चाक फिरवून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठमी आपण होऊन बोलली. "आई म्हणाली, तुम्ही सायकल खोलली होतीत."

"हो. कॅसेट बदलली."

"कोणती लावली?"

खोटं बोलता आलं असतं. "पोलादी," मिस्त्री म्हणाले. "जड."

"सहाशे पंधरा," ठमी पुटपुटली. तिचे ओठ हलत होते. ती बेरीज करतेय हे त्यांना दिसत होतं आणि ती थांबवायचा कुठलाच मार्ग त्यांच्याकडे नव्हता. मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुम्ही पण त्यांच्यातलेच झालात," ती म्हणाली. इतक्यात नर्स ताट घेऊन आली आणि मिस्त्रींना बाहेर जावं लागलं.

नऊ आठवड्यांनी तिला घरी सोडलं. पाय भरून आला होता, ठोके पन्नासच्या वर गेले होते. घरी आल्यावर आई समोर बसे, नर्स बसायची तशी. कधी ठमी निमूट जेवे, कधी एकेका घासासाठी तास जाई. स्पर्धा होऊन गेली. तिसरी कोण आली हे ठमीनं कुणाला विचारलं नाही, पण फोनवर बघितलं असणार.

दर गुरुवारी वजन करायला जावं लागे. त्या दिवशी मिस्त्री अर्ध्या दिवसाची रजा टाकत. वजन उलटं उभं करून घेत. म्हणजे ठमीनं काट्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आकडा फक्त नर्सनं आणि आईबापांनी बघायचा. तिला सांगायचा नाही. वाढलं तरी नाही, घटलं तरी नाही.

सहाव्या गुरुवारी नर्सनं आकडा कागदावर लिहून मिस्त्रींकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. मागच्यापेक्षा सातशे ग्रॅम कमी. आठवडाभर बायको तिच्यासमोर डोळ्यांत तेल घालून बसली होती. कुठे गेलं ते?

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. ठमी खिडकीशी.

"किती भरलं?"

मिस्त्री समोर बघत राहिले.

"सांगा ना बाबा. कुणाला नाही सांगणार. नुसतं वाढलं की घटलं एवढंच."

"सांगायचं नाहीये."

"एवढंच सांगा. मला झोप नाही लागत हो." तिनं त्यांच्या बाहीला धरलं. पुढच्या बाकावरच्या माणसानं मागे वळून बघितलं. "बाबा. प्लीज. काहीच नाही होणार त्यानं."

घटलं म्हणालो तर तिला आनंद होईल. वाढलं म्हणालो तर आज रात्रीचं ताट तसंच राहील. मिस्त्रींनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. बस दोन थांबे पुढे गेली, माणसं चढली, उतरली. ठमीनं बाही सोडली आणि त्यांचा चेहरा नीट न्याहाळला.

"वाढलंय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावरूनच कळतंय. वाढलंय ना?"

मिस्त्रींनी खिडकीबाहेर बघितलं. पुढचा थांबा त्यांचाच होता. त्यांनी तिचं दप्तर उचललं आणि उठून दाराकडे निघाले. ती मागून येतेय की नाही, हे बघायला ते दारात थांबले.